आमचंही अजून उभं आहे

आर्लिस रूडचा आवाज ऐकल्याशिवाय सोल्बर्गमध्ये कुणी बुटाची नाडी बांधत नाही. पाण्याच्या टाकीखाली दोन खोल्यांचं रेडिओ केंद्र आहे. तिथून सकाळी आधी धान्याचे भाव सांगतात, मग रात्रीत कोण गेलं त्यांची नावं, मग शाळेत दुपारी पोरांना जेवायला काय आहे ते, आणि शेवटी हवामान. भाव आणि मयत वाचणारे बदलत गेले, हवामान मात्र कायम आर्लिसचंच राहिलं. हवामान खात्याकडून आलेला कागद ती चष्मा कपाळावर सरकवून वाचते आणि त्यातले सगळे मोठे शब्द वाटेतच गाळून टाकते.

वादळाला ती कधी वादळ म्हणाली नाही. एका उन्हाळ्यात चक्रीवादळ मर्ल हॉगनच्या गोठ्याचं छप्पर उचलून घेऊन गेलं. त्याच्या जरा आधी आर्लिस रेडिओवर म्हणाली होती, "पश्चिमेकडून काहीतरी जोराचं येतंय. तळघरात जाऊन बसलात तर बरं होईल. थर्मास भरून घ्या." अख्खं गाव थर्मास भरून तळघरात बसलं आणि एकाच्याही केसाला धक्का लागला नाही. दुसऱ्या कुणी किंचाळून सांगितलं असतं, तर निम्मे लोक अंगणात उभे राहून आभाळ बघत बसले असते.

मी वांडा. मुख्य रस्त्यावरचं कॅफे माझं. शिकागोहून लग्न करून इथे आले त्याला तीस वर्षं होऊन गेली, ज्याच्यामागे आले तो जाऊनही बरीच वर्षं झाली, तरी गावाच्या लेखी मी अजून 'शिकागोवाली'च. त्याला कारण माझं तोंड. मला जे वाटतं ते मी बोलून मोकळी होते, आणि या गावात ते आंघोळीहून तसंच रस्त्यावर येण्यासारखं आहे.

इथली एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी 'नको'च म्हणायचं, पण जरा हळू. तिसऱ्यांदा विचारलं की मग, "बरं, एवढं म्हणतेस तर अर्धा कप दे." पहिल्याच खेपेला हो म्हणणारा हावरट आणि तीनदा न विचारणारा कद्रू. कॅफे नवं होतं तेव्हा पहिल्या आठवड्यात कुणालाच दुसरा कप मिळाला नाही, कारण मी एकदाच विचारून पुढे सरकायची. लोक रिकामा कप पुढे ठेवून बिचारे बसून राहायचे. मला वाटायचं, माझी कॉफी यांना आवडत नाही.

आर्लिसचा नवरा वेंडेल. मूलबाळ नाही. गावाच्या पूर्वेला नाल्यापर्यंत त्यांची जमीन. गेल्या वर्षी सप्टेंबर संपता संपता सोयाबीन पिवळं पडून पानं गळाली, वेंडेलने हार्वेस्टर शेडमधून बाहेर काढला, शिडीच्या वरच्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथूनच खाली आला. मेंदूत रक्ताची गाठ. शहरातल्या इस्पितळात त्याला नेलं. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. चार-पाच शब्द तेवढे तोंडात उरले. त्यातला एक 'सोयाबीन'.

रोज संध्याकाळी नर्स त्याच्या कानाला फोन लावायची. तो विचारायचा, "सोयाबीन?"

आर्लिस सांगायची, "थोडं उरलंय."

सगळंच्या सगळं उभं होतं.

मर्ल हॉगन हा त्यांचा बांधाचा शेजारी. तो, आर्लिस आणि वेंडेल एकाच वर्गात शिकलेले. त्याची आणि रूडांची सोयाबीनची शेतं रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत. वेंडेल पडला त्याच आठवड्यात मर्ल आर्लिसच्या अंगणात आला, टोपी काढून हातात फिरवत उभा राहिला आणि म्हणाला, "आम्ही तिघं-चौघं मशिनी घेऊन येऊ म्हणतो. एका दिवसाचं काम आहे."

आर्लिस म्हणाली, "नको रे. तुमची कामं का कमी आहेत?"

पुढच्या रविवारी चर्चच्या तळघरात, कॉफी आणि लिंबाच्या वड्यांच्या टेबलापाशी, मर्लने परत विषय काढला. मी तिथेच होते. "ते सोयाबीनचं, आर्लिस..."

"बघू. हवा चांगली आहे अजून," आर्लिस म्हणाली. जरा हळू म्हणाली. तळघरातल्या प्रत्येकाला कळलं की येत्या रविवारी मर्ल तिसऱ्यांदा विचारणार, आर्लिस बरं म्हणणार, आणि सोमवारी मशिनी जाणार. हवामानाचा अंदाजही तसाच होता. पुढचा आठवडाभर कोरडं, निरभ्र, रात्री थोडं दव. तो तिनेच वाचला होता.

मंगळवारी कागद बदलला.

शुक्रवारी दुपारपासून पाऊस. रात्री तापमान गोठणबिंदूखाली, पावसाचा ओला बर्फ. वारा ताशी पन्नास मैल. ऑक्टोबर अजून नीट सुरूही झालेला नव्हता. आर्लिसने ते नेहमीच्या आवाजात वाचलं, "शुक्रवारी जरा ओलं होईल, आणि मग पांढरं," आणि गावात धावपळ उडाली. वाळलेल्या सोयाबीनवर ओला बर्फ बसला की झाड आडवं होतं, शेंगा तडकतात, दाणा चिखलात जातो. मग देवानेही उचलायचं म्हटलं तरी उचलता येत नाही. भाड्याच्या मशिनी आधीच लांबच्या गावांत गुंतलेल्या. माझं कॅफे ओस पडलं. खिडकीजवळच्या टेबलावर फक्त म्हातारा इंगवाल्ड उरला. त्याने शेती सोडून जमाना झाला होता, पण आभाळावर त्याचा अजून राग होता.

"रविवार पावसानंतर येतोय," तो म्हणाला.

"कळतंय मला."

"मर्ल रविवारी विचारणार होता."

"तेही कळतंय. तुम्ही तुमचा रोल खा."

बुधवारी दुपारी मी बटाट्याचं हॉटडिश, ओव्हनमध्ये भाजलेलं भांडंभर जेवण, घेऊन आर्लिसकडे गेले. घरात कुणी नव्हतं. शेताच्या कडेला हार्वेस्टर तिरका उभा दिसला, पुढचा कापणीचा दांडा जमिनीत रुतलेला. वर काचेच्या केबिनमध्ये आर्लिस बसली होती. इंजिन बंद. दोन्ही हात स्टिअरिंगवर, जशी काही अजून चालवतेच आहे. मी शिडी चढून वर गेले. हॉटडिश हातात तसंच.

"जुना मी चालवायची," ती समोर बघत म्हणाली. "याला सगळी बटणंच. दांडा वर घ्यायचा होता, खाली गेला. दगडावर. पाती वाकली."

"दुरुस्त होईल?"

"वेंडेलने केली असती."

तिच्या मागे अर्ध्या फेरीइतकी कापलेली पट्टी होती, वेडीवाकडी. पुढे नाल्यापर्यंत सोयाबीन उभं. वारा आला की शेंगा खुळखुळत होत्या. आभाळ इतकं निळं होतं की संताप यावा.

"मर्लला सांग," मी म्हणाले. "आत्ता. फोन कर."

"त्याची खालची चाळीस एकर उभी आहेत. त्याने विचारलं तेव्हा त्याच्याकडे वेळ होता. आता मी मागितलं, तर त्याचं टाकून माझं कर म्हटल्यासारखं होईल."

"मग तेव्हा हो का नाही म्हणालीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला चर्चमध्ये शिट्टी का वाजवली नाहीस असं विचारलं.

"दुसऱ्यांदाच विचारलं होतं, वांडा."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि मिठीही मारावीशी वाटली. हातात हॉटडिश होतं म्हणून दोन्ही राहिलं.

मग ती बोलायला लागली. तीस वर्षांत तिने माझ्याशी हवेखेरीज काही बोलल्याचं मला आठवत नाही. "वेंडेलच्या वडिलांचा गोठा जळाला होता, गायींसकट. थंडीत. त्यानंतर ते खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले. कुणी कितीही म्हटलं तरी ताटाकडे बघेनात. नाताळाच्या आत गेले. आजार काही नव्हता. वेंडेल तेव्हा माझ्याएवढाच, शाळेत. तो रोज ताट नेऊन ठेवायचा आणि रोज तसंच परत आणायचा." ती थांबली. "आता नर्स सांगते, तो फोनवर मला विचारतो आणि मगच जेवतो. मी थोडं उरलंय म्हणते, मग घास घेतो. शनिवारी मी त्याला काय सांगू? तो भिंतीकडे तोंड करेल. मला माहीत आहे तो करेल. मी एकटी काय करू गं? मला एकटीला नाही जमत."

तोंडावर हात ठेवून ती रडली. आवाज न करता. रडणंसुद्धा त्या बाईने कुणाला त्रास होणार नाही अशा बेताने केलं.

"मी सांगते मर्लला," मी म्हणाले.

"नको. मी तुला पाठवलं असं होईल."

"तू पाठवलं नाहीस."

"तो थोडाच तसं समजणार?"

तरीही मी गेले. मला कुणी नको म्हटलं की मी एकदाच ऐकते. मर्लची मशीन धुरळा उडवत चालली होती. मी शेताच्या कडेला गाडी आडवी घातली तेव्हा तो थांबला. केबिनचं दार उघडून खाली न उतरताच म्हणाला, "काय पेटलंय?"

"आर्लिसचं सोयाबीन उभं आहे."

"दिसतंय. रस्त्यापलीकडेच आहे."

"मशीन मोडून बसली आहे ती. जा आणि काप."

"तिने सांगितलं?"

"नाही."

मर्लने कपाळ पुसलं. थकून त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "वांडा, मी दोनदा विचारलं. दोनदा नाही म्हणाली."

"अरे, तुमच्याकडे दोनदा नाही म्हणजे हो असतं ना."

"तिसऱ्यांदा विचारेपर्यंत नाही म्हणजे नाहीच असतं."

"मग जाऊन विचार तिसऱ्यांदा. चार पावलांवर आहे."

"आज?" त्याने आपल्या शेताकडे हात केला. "आज मी विचारलं, तर ती माझं हे उभं पीक बघून नाहीच म्हणेल. तिसऱ्यांदा नाही म्हटलं, की संपलं. मग कुणालाच विचारता येत नाही. आणि न विचारता दुसऱ्याच्या शेतात मशीन घातली, तर उद्या वेंडेलला काय कळेल? मर्लने आपल्याला मेलेला धरलं. माझ्या शेतात कुणी असं शिरलं, तर मी तरी काय समजेन?"

"म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांचा मान राखत बसा आणि तो तिकडे उपाशी मरू दे."

मर्लने दार लावून घेतलं आणि मशीन पुढे नेली. त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

गुरुवारी सकाळी कॅफेत मी आणि इंगवाल्ड दोघंच. रेडिओ लावलेला. भाव झाले, मयत कुणी नव्हतं, शाळेत चिकन आणि मका होता. मग आर्लिस आली.

"सुप्रभात. आज दिवसभर कोरडं. दव वाळायला दुपार होईल. उद्या दुपारपासून पाऊस, रात्री त्याचा बर्फ, वारा वायव्येकडून. ज्यांचं सोयाबीन अजून उभं आहे त्यांच्याकडे आजचा दिवस आहे."

ती थांबली. इथे नेहमी खताची जाहिरात लागते. जाहिरात लागली नाही. रेडिओत नुसती खरखर. मला वाटलं यंत्र बिघडलं. मग तिचा श्वास ऐकू आला. इतक्या वर्षांत हवामान वाचताना तिचा श्वास मी पहिल्यांदा ऐकला.

"आमचंही अजून उभं आहे," आर्लिस म्हणाली.

मग जाहिरात लागली.

मी हातातलं फडकं ओट्यावर टाकलं. "बस? एवढंच? अगं बोल ना पुढे. या म्हण. मदत करा म्हण."

"मागितलं तिने," इंगवाल्ड म्हणाला. त्याने कप बशीत ठेवला.

"कुठे मागितलं? उभं आहे म्हणाली नुसतं."

"पोरी, याहून जास्त कसं मागतात? मी ऐंशी वर्षांत रेडिओवर कुणाला असं बोलताना ऐकलं नाही. ती आज कपडे उतरवून उभी राहिली गावासमोर."

आम्ही खिडकीशी बसलो. रस्ता रिकामा. दव वाळेपर्यंत कुणी मशीन हलवत नाही हे मलाही माहीत होतं, पण माझा धीर सुटला होता. मी तेच टेबल परत परत पुसत होते. गावातल्या प्रत्येक मशिनीच्या केबिनमध्ये रेडिओ असतो. प्रत्येकाने ऐकलं होतं. आणि प्रत्येकाचं थोडं ना थोडं उभं होतं.

उन्हं वर आली तसा मर्लचा हिरवा हार्वेस्टर मुख्य रस्त्यावरून आला. रात्री पात्यांना धार लावायला त्याने गावातल्या शेडवर आणला होता. धान्याच्या कोठारापुढे दोन्ही शेतं समोरासमोर लागतात. डावीकडे वळलं की मर्लची खालची चाळीस एकर, उजवीकडे रूडांचं फाटक. तिथे मर्ल थांबला. मागून एक ट्रक आला आणि तोही थांबला. इथे कुणी हॉर्न वाजवत नाही. मर्ल तसाच उभा राहिला. इंगवाल्डने माझं मनगट धरलं होतं, म्हाताऱ्याच्या पकडीत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

मर्ल उजवीकडे वळला.

मी कॅफेला कुलूप लावलं, कॉफीचे मोठे थर्मास आणि इंगवाल्डला गाडीत घातलं आणि मागोमाग गेले. आर्लिस फाटकात उभी होती, रेडिओवरून येऊन अंगावरचा कोटही न काढता. मर्ल खाली उतरला, टोपी काढली.

"तुझी चाळीस एकर उभी आहेत, मर्ल," आर्लिस म्हणाली.

"आहेत."

"उद्या पाऊस आहे."

"ऐकलं. रेडिओवर सांगत होते."

कुणी हसलं नाही. मर्लने टोपी एकदा पूर्ण फिरवली. "तर मी विचारतोय, आर्लिस. आम्ही काढू का?"

तिने तोंड उघडलं आणि मला तो शब्द तिच्या जिभेवर दिसला. नको. लहानपणापासून तिथेच बसलेला, सगळ्यात आधी बाहेर येणारा. एका हाताने तिने फाटकाचा खांब धरला.

"काढा," ती म्हणाली. इतक्या हळू की मर्लला वाकावं लागलं.

पाठोपाठ आणखी दोन मशिनी आल्या. दिवस मावळेपर्यंत तिघं न थांबता चालले, मग दव पडलं, शेंगा चिवट झाल्या आणि थांबावं लागलं. तीनातले दोन हिस्से निघाले. नाल्याकडचा उतार राहिला. रात्री वारा सुटला तर दव वाळेल, शुक्रवारी सकाळीच तो काढू आणि पावसाआधी आपापल्या शेतात जाऊ, असा त्यांचा हिशोब होता. अंदाज दुपारच्या पावसाचा होता. पाऊस सकाळीच आला.

शनिवारी सगळं पांढरं. नाल्याकडचं आडवं झालं. रस्त्यापलीकडे मर्लची चाळीस एकर तर सपाट झाली होती, कुणी त्यावर गाद्या अंथरल्यासारखी. आर्लिसने रेडिओवर सांगितलं, "बर्फ थांबलाय. हळूहळू वितळेल." तिचा आवाज नेहमीचाच होता. मर्लच्या शेताबद्दल गावात कुणी चकार शब्द काढला नाही. मर्ल स्वतः कॅफेत आला, रोल खाल्ला, म्हणाला, "चाललंय." मी त्याचे पैसे घ्यायला नको म्हणाले तर त्याने टेबलावर ठेवले आणि गेला.

वेंडेलला नोव्हेंबरात घरी आणलं. तोवर फोनवर आर्लिस रोज तेच सांगत राहिली आणि तो जेवत राहिला. चाकाची खुर्ची उतरवायला ताकदीचं माणूस हवं म्हणून आर्लिसने मला बरोबर घेतलं. एकदाच विचारलं आणि मी एकदाच हो म्हणाले, आम्हा दोघींचं आता तसं ठरलं होतं. वेंडेल पुढच्या सीटवर होता. शेताचं वळण आलं तसा तो म्हणाला, "सोयाबीन?"

"थोडं उरलंय," आर्लिस म्हणाली. आता ते खरं होतं.

त्याने पाहिलं. कापलेलं शेत, मग नाल्याकडचा काळा पडलेला, लोळलेला उतार. मग त्याने मान दुसऱ्या बाजूला वळवली, फार हळू वळायची ती, आणि रस्त्यापलीकडे पाहिलं. ते सगळंच काळं होतं. त्याला उमजायला वेळ लागला नाही, आयुष्यभर तो त्या दोन शेतांच्या मधोमध राहिला होता.

"मर्ल?" तो म्हणाला.

"तो आपल्या दोघांचं काढत होता," आर्लिस म्हणाली.

घरी पोचल्यावर वेंडेलने खुर्ची खिडकीपासून फिरवून घ्यायला लावली. भिंतीकडे.

दुसऱ्या दिवशी आर्लिसने मला फोन केला. फोनवर नुसता तिचा श्वास. मी विचारलं, "जेवला?" ती नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशीही नाही. सूप, पाव, सफरचंदाचा मुरांबा, सगळं ती ठेवायची आणि परत उचलायची. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, गिळायला अडचण काही नाही. आर्लिसला ते सांगायची गरज नव्हती. ती सकाळी रेडिओवर जाऊन थंडी वाचायची आणि घरी येऊन त्या पाठीकडे बघत बसायची. मीही जाऊन बसायची. आम्ही दोघी त्या स्वयंपाकघरात बसून एका माणसाला जाताना बघत होतो, आणि माझ्यासारखीच्या तोंडातूनही शब्द फुटत नव्हता.

मग एका दुपारी मर्ल आला. दारातच उभा राहिला, टोपी हातात. "वेंडेल," म्हणाला. "पाय ठीक?"

वेंडेलने डाव्या हाताने चाक ढकललं. खुर्ची अर्धी फिरली, भिंतीला घासून अडकली. आर्लिस उठायला लागली तर मी तिला दाबून बसवलं. त्याने परत ढकललं. खुर्ची फिरली. तो मर्लकडे बघत राहिला, ओठ एका बाजूने ओढले गेलेले, आणि त्याचा घसा हलायला लागला. शब्द कुठून तरी खालून ओढून आणत होता.

"कॉ," तो म्हणाला. परत श्वास घेतला. कपाळावर घाम आला. "कॉ... फी?"

घरी आलेल्या माणसाला विचारायचं असतं. तेवढं त्याला सुटलं नव्हतं.

मी मर्लच्या तोंडाकडे पाहिलं. साठ वर्षांची सवय. त्याचे ओठ 'नको'साठी जुळलेसुद्धा. हा माणूस आता दोनदा नको म्हणणार, आणि वेंडेलला ते ओझं खालून आणखी दोनदा ओढून आणावं लागणार. ते त्याला जमणार नाही, आणि मग तो परत भिंतीकडे फिरेल. मी किटलीची मूठ घट्ट धरली. मर्ल नको म्हणाला असता, तर मी ती त्याच्या डोक्यात घातली असती.

"हो," मर्ल म्हणाला. "घेतो."

वेंडेलच्या चेहऱ्यावर गोंधळ उडाला. त्या घरात पहिल्या खेपेला हो कुणी म्हटलंच नव्हतं. मर्ल खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. आर्लिसने कप काठोकाठ भरला, थोडी कॉफी टेबलावर सांडली आणि तिने ती पुसली नाही. आर्लिसची कॉफी म्हणजे कोमट पाणी. मर्ल ती सगळी प्यायला. वेंडेल बघत होता. मर्लने कप खाली ठेवला.

"अ... जून?" वेंडेल म्हणाला.

"दे," मर्ल म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. "वड्या आहेत का गं, आर्लिस? दोन दे. एक याला."

आर्लिसने दोन बशा ठेवल्या. मर्लने आपली वडी उचलली आणि खायला लागला. वेंडेलने डाव्या हाताने आपली बशी जवळ ओढली.